मावशींनी धुतलेला स्कर्ट

आमच्या सेटवरच्या कपडेवाल्या मावशी म्हणजे डागांच्या हाडवैरी. कुणाच्या बाहीवर चहाचा थेंब सांडू दे, जागच्या जागी शर्ट काढायला लावतील. वीस वर्षं मी तोंडं रंगवतेय आणि त्या कपडे सांभाळतायत. पण त्या सकाळी त्यांनी जो घोळ घातला, तसा कधी घातला नव्हता.

मालिका नववीतल्या पोरांची. एका भागात एक मुलगी फळ्यापाशी गणित सोडवत असते. तिला पाळी येते, पांढऱ्या स्कर्टवर डाग पडतो, वर्ग हसतो आणि ती रडत पळून जाते. चॅनेलवाल्यांना हे नकोच होतं. "अहो, घरात सगळे एकत्र बसून बघतात!" जसं काही त्या घरांत पाळी कुणाला येतच नाही! आमची दिग्दर्शिका वयानं पोरगेलीशी, पण भारी चिवट. ती भांडभांड भांडली. शेवटी ते म्हणाले, उद्या दुपारी बारापर्यंत उरका, नाहीतर प्रसंग गाळा.

निम्मं काम त्याच दिवशी झालं. डाग मीच रंगवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर काय, स्कर्ट दोरीवर वाळतोय, पांढराशुभ्र!

"मावशी, अहो हे काय केलंत?"

मावशींनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! डाग दिसला, धुऊन टाकला. हात आपोआप गेले गं."

मी तोंडाला येईल ते बोलले. आता त्याची लाज वाटते. दिग्दर्शिका तर मटकन खालीच बसली. डाग कालच्या शॉटशी जुळायला हवा, म्हणून कालचा फोटो समोर ठेवून मी घाईघाईनं रंग कालवायला घेतला, तेवढ्यात मावशी मागून डोकावल्या.

"असा नसतो तो. तू टोमॅटो काढलायस."

त्यांनी माझ्या हातातला ब्रश घेतला. कडा तपकिरी केल्या, मध्ये ओल ठेवली, डाग जरा डावीकडे नेला. इतका खरा दिसायला लागला, की मी नकळत स्वतःचाच कुर्ता मागून चाचपला.

"आठवीत होते मी," त्या स्कर्टकडे बघतच म्हणाल्या. "अशीच फळ्यापाशी. गणित अर्धं टाकून पळाले, ती पुन्हा शाळेत गेलेच नाही." मग दिग्दर्शिकेकडे वळल्या. "मॅडम, हिला पळवू नका. गणित पुरं करू दे तिला."

दिग्दर्शिका ताडकन उठली. डाग आता वेगळा दिसत होता, म्हणून कालचे पाठमोरे शॉट पुन्हा घ्यायचे ठरले. नाश्ता टाकून सगळे कामाला लागले आणि एरवी कटकट करणारा लाइटवालासुद्धा दिवे हलवायला धावला. बाराला दहा मिनिटं असताना काम संपलं.

तो भाग लागला तेव्हा मी मुद्दाम मावशींच्या घरी गेले. त्यांच्या यजमानांचं ठरलेलं, पॅडची जाहिरात लागली की चॅनेल बदलायचं. पडद्यावर डाग दिसला आणि काकांचा हात सवयीनं रिमोटकडे गेला.

"राहू द्या," मावशी म्हणाल्या. "तो डाग मी केलाय."

काका रिमोट हातात धरून तसेच बसले. पडद्यावर वर्ग हसला. मुलगी एकदा वळून बघते, खडू उचलते आणि उत्तर लिहूनच खाली बसते.

काकांनी रिमोट खाली ठेवला. "उत्तर बरोबर आहे का गं तिचं?"

"बरोबर आहे," मावशी म्हणाल्या. "मी आधी सोडवून बघितलं होतं."