वरच्या मजल्याच्या सळया

आमच्या गावात घरं कधी पुरी होत नसत. सायखेड्याच्या अलीकडे, गोदाकाठच्या मळ्यांत, नव्वदच्या सुमाराला द्राक्षांनी जरा हात दिला आणि मातीच्या धाब्यांच्या जागी स्लॅब पडले. पण प्रत्येक स्लॅबच्या कडेने सळया आभाळाकडे तोंड करून उभ्या. वरचा मजला चढवायचा असतो ना! आणि मजला चढवायचाच आहे म्हटल्यावर कठडा कोण बांधतो? उद्या भिंत घेताना तो फोडावा लागणार. या शहाणपणापायी अख्ख्या गावाचे स्लॅब उघडेबोडके होते, आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. उलट सळया जितक्या उंच तितकी घरमालकाची मान ताठ.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी मला वर नेऊन हवेत बोट फिरवत दाखवलं होतं, "हितं तुमची खोली. ही खिडकी. अख्खा बाग दिसंल हितून." सासऱ्यांना सगळे दादा म्हणत. मी तर हरखूनच गेले. खोटं कशाला सांगू, त्या नसलेल्या खिडकीच्या पडद्याचा रंगसुद्धा मी मनात ठरवून टाकला. "यंदाचा हंगाम झाला की चढवतोच," दादा म्हणाले. मग पुढच्या हंगामालाही तेच म्हणाले. त्याच्याही पुढच्या.

तेवढ्यात मला मुलगी झाली आणि ती चालायला नाही, एकदम पळायलाच शिकली.

उन्हाळ्यात आमचं सगळं बाईपण स्लॅबवर. पापड तिथं, सांडगे तिथं, गहू वाळवणं तिथं. पोरांचं काय करायचं? त्याचीही रीत ठरलेली होती. जुन्या लुगड्याची पट्टी पोराच्या कमरेला बांधायची आणि दुसरं टोक सळईला. सगळ्या गावाची पोरं अशी खुंट्याला बांधल्यासारखी वाढली. सासूबाई म्हणायच्या, "तुझा नवराबी असाच बांधून ठेवायचे मी, तवा सळई नव्हती, गोठ्यातला खुंटा व्हता." नंतर सोडला तो कशाला, हे मी मनातच विचारायची.

तर तो कुरडयांचा दिवस. भल्या पहाटे चीक शिजला, पातेलं वर आलं, मी सोऱ्या दाबतेय, सासूबाई चीक भरून देताहेत. लेक सळईला बांधलेली. हात भरून आले म्हणून मी मान वळवली, तर सळईला नुसती पट्टी. पोरीनं गाठ सोडली होती! आणि ती स्लॅबच्या पार कडेला उभी राहून खाली कोंबड्यांना ओल्या कुरडया फेकत होती. एक फेकायची, वाकून बघायची, खिदळायची.

माझ्या तोंडून किंकाळी निघणार तोच सासूबाईंनी चिकानं भरलेला हात माझ्या तोंडावर दाबला. ओरडलं की ही पोर खेळ समजून पळायची, हे त्यांना माहीत होतं. मग अगदी काहीच न झाल्यासारख्या आवाजात त्या म्हणाल्या, "साखर घालून चीक कोन खानार गं बाई? मीच खाते मग."

पोरीनं मागं पाहिलं. पुन्हा कोंबड्यांकडे पाहिलं. मग "मी, मी!" करत ती आमच्याकडे धावत आली आणि मी तिला अशी आवळली की तीच रडायला लागली.

मी सोऱ्या तिथंच टाकला. खाली येऊन दादांना सांगितलं, पदर डोक्यावर होता पण आवाज नव्हता ताब्यात, "कठडा झाल्याशिवाय या स्लॅबवर कुणी पाय ठेवायचा नाही. यंदा कुरडया नाहीत, पापड नाहीत, काही नाही!"

"कठडा बांधला का मजला ऱ्हायला," दादा म्हणाले. "येवढ्या सालाला..."

"मजला ऱ्हाऊ द्या, पोर ऱ्हायली पायजे," सासूबाई म्हणाल्या आणि स्लॅबच्या जिन्यावर आडवी बाज टाकून मोकळ्या झाल्या.

दादा तणतणत मळ्यात निघून गेले. पण मला काही बसवेना. आमचा जुना बाग नुकताच काढलेला, द्राक्षांच्या मांडवाच्या तारांची वेटोळी गोठ्यामागे पडलेली. आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं, वर सळया आहेतच की! सळईपासून सळईपर्यंत तार ओढायची, मध्ये बांबू बांधायचे. सासूबाईंना सांगितलं तर त्या माझ्याआधी पदर खोचून तयार. नवऱ्याला पक्कड देऊन वर पिटाळलं. लेक शेजारच्या ओसरीवर होती, ती तिथून आमच्या नावाने ओरडत होती. कुणी तार धरतंय, कुणी बांबू उचलतंय, हाताला ओरखडे, घामाच्या धारा, आणि मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! लग्नातसुद्धा इतकी मजा आली नव्हती.

संध्याकाळी दादा परत आले. खालीच उभे राहून वर बघत राहिले. अर्ध्या तालुक्याचे मांडव बांधलेला माणूस तो, ढिली तार त्यांना बघवेना. "आरं, तार आशी वढत्यात व्हय? कपडे वाळत घालायची दोरी हाय का ती?" म्हणत ते वर आले, नवऱ्याच्या हातातली पक्कड हिसकावली आणि एकेक तार अशी ताणली की टिचकी मारली तर वाजावी. मग ते स्वतः टिचक्या मारत स्लॅबला चक्कर मारून आले. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला तर नाचावंसं वाटत होतं.

दादा खाली जाऊन नातीला कडेवर घेऊन आले. तारांजवळ तिला खाली ठेवलं आणि ऐटीत म्हणाले, "जा आता कुटं जाती ती!"

पोरीनं खालच्या तारेवर पाय ठेवला. मग वरच्या तारेवर. तार कशी ताठ, दादांनीच ताणलेली, पायाखाली जरासुद्धा दबली नाही. आमच्या लक्षात येईपर्यंत ती शिडी चढावी तशी चढली, वरच्या तारेवर पोट टेकलं आणि खाली कोंबड्या दिसताच टाळ्या पिटायला दोन्ही हात सोडले.

दादांनी तिचं झबलं मुठीत धरलं. तिला छातीशी घेऊन ते तिथंच खाली बसले. बऱ्याच वेळानं ते उठले आणि पोरीला माझ्याकडे न देता स्वतःच घेऊन खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात विटांचा ट्रॅक्टर! दादा गवंड्याला जिन्याच्या कठड्यासकट सगळं समजावत होते, "सलग भिंत घे. कुटं पाय ठिवायला जागा नको. तिच्या बापाच्या छातीयेवढी." गवंड्यानं विचारलं, सळया कापायच्या का? दादांनी वर सळयांकडे पाहिलं. "कापू नको. वाकव आन भिंतीच्या आतच घे." पहिली सळई वाकवायला पाइप त्यांनी स्वतःच हातात घेतला. मला हवा तो कठडा मिळत होता, मी आनंदानं फुलायला हवं होतं, आणि फुललेही होते. पण सळई वाकताना माझी ती खिडकी आठवली आणि डोळे भरून आले. त्यांच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

त्या वर्षी कुरडया उशिरा झाल्या, पण झाल्या. लेक मोकळी सुटली, स्लॅबभर धावली, भिंतीला धडका मारून परत फिरली. बघून बघून शेजारणी घरी जाऊन भांडल्या. पुढच्या काही वर्षांत आमच्या आळीत बरेच कठडे उठले.

मध्ये कितीतरी उन्हाळे गेले. लेक कॉलेजात गेली, सुटीला घरी आली, आणि आम्ही कुरडया घालत असताना कठड्याला टेकून उभी होती. दादा आता थकलेले, सावलीला बाजेवर बसलेले. एका जागी प्लास्टर उडून सळईचं गंजलेलं टोक बाहेर आलं होतं. तिनं त्यावर बोट ठेवून विचारलं, "दादा, इथं वर काय बांधायचं होतं का?"

माझा सोऱ्यावरचा हात थांबला.

"नाय," दादा म्हणाले. "कठडाच बांधायचा व्हता. सर माघं, वाकू नको."