तिथीनं मी अजून बत्तीसचाच

शिरपूरच्या बसस्टँडजवळ माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. मी ऑस्ट्रेलियाला जाणार ही बातमी पसरली आणि माझा धंदा एकदम वाढला. ज्यांचे ट्रॅक्टर वर्षानुवर्षं धूर ओकत होते, त्या सगळ्यांना मी जायच्या आत काम उरकून घ्यायचं होतं. रोज कोणी ना कोणी विचारायचं, कधी उडून राह्यला? मी म्हणायचो, आधी तुमचा गिअरबॉक्स तर उतरवू द्या.

तिथल्या एका राज्याला डिझेल मेकॅनिक हवे होते. शहरात नाही, आडभागात, शेतीच्या मशिनी चालतात तिकडं. म्हणजे आपल्या शिरपूरसारखंच, फक्त विमानानं जायचं. कामाची तपासणी झाली. नागपूरला इंग्रजीची परीक्षा झाली. तिथं मला आवडत्या छंदावर बोलायला सांगितलं, आणि ज्याला जेवायला फुरसत नाही त्यानं पोहण्याविषयी थापा मारल्या. व्हिसासाठी या सगळ्याचे गुण मिळतात. वयाचेही मिळतात, पण तेहतीस वर्षं भरली की त्यातले पाच कापतात. वाशीमच्या एजंटनं सांगितलं होतं, घाबरू नका, त्याच्या आधी त्या राज्याचं बोलावणं येईल.

उन्हाळ्यात त्याचाच फोन आला. त्या राज्याचा कोटा कापला होता. मेकॅनिक अजूनही हवे होते, पण जागाच थोड्या उरल्या आणि त्याही आधी तिथं राहणाऱ्यांना. बाकीच्यांसाठी गुणांची पट्टी वर सरकली. माझे गुण जेमतेम तिला टेकत होते. वाढदिवसाआधी बोलावणं आलं तर आलं, नाहीतर खेळ खलास. मला भयंकर राग आला. कोणावर काढावा ते कळेना, म्हणून समोरच्या गरीब बॅटरीवर काढला.

आईला सांगितलं. ती वाशीमच्या बाजारात भाजी विकते, तिला हिशेबात कोणी फसवू शकत नाही. तिनं शांतपणे भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. तिच्या मते तारखेचा वाढदिवस शाळेच्या दाखल्यापुरता. खरा तिथीचा, आणि ती मला ओवाळते तोही तिथीनंच. यंदा अधिक महिना आल्यामुळं माझी तिथी तारखेच्या बरीच पुढं गेली होती.

"त्यायले सांग ना," ती म्हणाली, "पोरगा आषाढातला हाये. आषाढ लागाचाच हाये अजून."

मी एजंटला खरंच विचारलं. तो पोटभर हसला आणि म्हणाला, पासपोर्टवर आषाढ लिहिला आहे का ते बघा.

तारीख उजाडली. मी मोबाईल टूलबॉक्सवर ठेवून काम करत होतो, आणि ग्रीसच्या बोटांनी सारखा उघडून बघत होतो. दिवसभरात एकच मेल आला. बँकेचा होता, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा. दुसऱ्या दिवशी व्हिसाच्या साइटवर माझे पाच गुण गेलेले दिसले. आईला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली की तिथी बाकी आहे. मी वाद घातला नाही. दुसऱ्या राज्यांच्या जागा शोधायचाही मला तेव्हा कंटाळा आला होता.

मग तिथी आली. संध्याकाळी घरी आलो तर ना पाट मांडलेला, ना ताट. आई उद्याच्या बाजाराची भेंडी निवडत बसली होती. मी हातपाय धुऊन उगाच तिच्यासमोर घुटमळलो. शेवटी विचारलंच.

"आज ओवाळत नाही का, माय?"

"नाही."

"काहून?"

तिनं मान वर केली नाही. "मी ओवाळलं का तुले तेहतीस भरते. मंग तुये गुण कटते."

मला हसू येणार होतं, ते मध्येच अडकलं. मला गोवर निघाला होता तेव्हासुद्धा या बाईनं ओवाळणं चुकवलेलं नव्हतं. दिवा हातात घेतला की ती देवाकडं एकच गोष्ट मागते, माझं आयुष्य. यंदा तिनं तेच मागायचं सोडलं होतं, का तर मला तिच्यापासून लांब जाता यावं.

मी तिला सांगितलं की गुण तारखेलाच कटले, आता ओवाळल्यानं काही जात नाही. तिला ते समजायला वेळ लागला. हातातली भेंडी तिनं टोपलीत ठेवली. मग मीच कोपऱ्यातला पाट ओढला आणि त्यावर बसलो.

"ओवाळ मले."

तिनं निरांजन लावलं. कुंकू लावलं, सुपारी अन् अंगठी माझ्याभोवती फिरवली. दिवा ओवाळला. डोक्यावर तांदूळ टाकले आणि इतके दिवस आवरून धरलेलं एकदाचं बोलली.

"लय म्हातारा हो, बापा."