टॉनिकची बाटली

मामाच्या खाटेजवळच्या खिडकीत लोहाच्या टॉनिकची बाटली उन्हात तांबूस दिसत होती. तिचं सील तसंच होतं. मामाला रक्ताचा कॅन्सर. अंगात रक्त कमी, म्हणून मामीने ती आणली होती. पण डॉक्टरांनी मनाई केली.

"सारखं रक्त चढवून यांच्या अंगात लोह साठलंय, काकू. हवेतल्या बुरशीला अंगात वाढायला तेच लोह हवं असतं. तिची लागण झाली तर यांना झेपणार नाही."

अंगी लागावं म्हणून आपण आपल्या माणसाला आग्रहाने वाढत राहतो. शरीर मुकाट्याने साठवतं. त्यावर कोण पोसलं जाईल, ते त्याच्या हातात नसतं.

"मग मी यांना देऊ तरी काय?" मामीने विचारलं.

"काही नको. हात स्वच्छ धुवा आणि जवळ बसा."

मामी हात धुऊन आली, मामाजवळ बसली. रिकामे हात कुठे ठेवावेत, तिला कळेना.