अखंड नाकाचं पिल्लू

तुर्कस्तानातल्या तार्सूसच्या बाजारात मोटारींच्या सीटा शिवणाऱ्या शाकिर उस्ताला, म्हणजे शाकिर मिस्त्रीला, लोक ओळखत ते त्याच्या शिकारी कुत्र्यांवरून. नाकाच्या मधोमध अशी खोल खाच, की एका नाकाची दोन नाकं वाटावीत. आखूड केस, लोंबते कान, आणि तितराचा माग असा पक्का धरणार की बंदूकवाल्याने नुसतं मागून चालावं. बापाने ठेवलेली ही जात शाकिरने जिवापाड जपली. जपली म्हणजे काय, तर खाचवाली कुत्री खाचवाल्या कुत्र्यालाच लावायची. एखादं अखंड नाकाचं पिल्लू निघालंच, तर ते डोंगरात शेळ्या राखणाऱ्यांना देऊन टाकायचं. सगळी पेठच तसं करायची, मग ह्याला एकट्याला शहाणपण कुठून सुचणार!

मागे एकदा बेलगिन नावाची जनावरांची डॉक्टरीण येऊन कुत्र्यांचं रक्त तपासायला घेऊन गेली. परत आली ती चेहरा पाडूनच.

"उस्ता, ही सगळी एकाच घरातली झालीत. बहीणभाऊच म्हणा ना. बाहेरचं रक्त आणा, नाक अखंड असलं तरी चालेल."

"पोरी, सोन्यात पितळ घालू म्हणतेस होय?" शाकिर हसला, आणि त्याने तिला चहा पाजून वाटेला लावलं.

त्या हिवाळ्यात त्याच्या दारात उरलेली एकुलती मादी, फिंदक, व्याली. सगळ्या पिल्लांच्या नाकाला खाच होती, पण ती तिथेच थांबली नव्हती. तोंडाच्या आत टाळूही दुभंगलेली होती. प्यायलेलं दूध नाकातून बाहेर यायचं. त्याची बायको नेजमिये ड्रॉपरने थेंब थेंब पाजत बसली, तरी एकेक करून सगळी गेली. शाकिरने ती संत्र्याच्या झाडाखाली पुरली, हात धुतले आणि जेवायला बसला.

"अरे, रड तरी!" नेजमिये म्हणाली.

"मीठ दे," तो म्हणाला. त्याला खरंच काही वाटत नव्हतं.

फिंदकचं आणखी एखादंच वेत होईल, असं बेलगिनने फोनवर सांगितलं. तेव्हा त्याला डोंगरात शेळ्या राखणाऱ्या दुरालीचा कुत्रा आठवला. अदानाहून आणलेल्या एका कुत्रीचा तो मुलगा. तिच्या रक्ताचं पेठेत आता कुणीच नव्हतं. नाक अखंड निघालं म्हणून शाकिरनेच त्याला डोंगरात धाडलं होतं.

मिनीबसने तो वर गेला. दुरालीने शेळ्या सोडून धावत येऊन मिठी मारली, ताक दिलं. कुत्रा झुडपाकडे तोंड करून, एक पाय उचलून दगडासारखा उभा होता. झुडपातून तितर उडाला. बापाच्या कुत्र्यांचीच ती ऐट होती.

"ह्याला थोडे दिवस नेतो," शाकिर म्हणाला. "फिंदकसाठी."

"आबी, थट्टा करतोस का?" थोरल्या भावाला हाक मारावी तसं दुराली म्हणाला.

"थट्टा कसली?"

"तूच बजावलं होतंस की! ह्याची पैदास झाली तर तुझ्या कुत्र्यांच्या घराण्याला बट्टा लागेल म्हणून. मी शब्द दिला होता तुला. बोकड खच्ची करायला माणूस आला, तेव्हाच ह्याचंही उरकून घेतलं."

"हो का," शाकिर म्हणाला. "शब्द पाळलास."

"मग! तुझा शब्द मोडीन काय मी?"

दुरालीने आणखी ताक ओतलं. शाकिरने ते पिऊन टाकलं. फिंदक गेली की आपल्या दारात ही जात संपली, हे त्याला स्वच्छ कळत होतं, आणि आत काहीच हलत नव्हतं. परतीची मिनीबस कधी आहे, एवढंच त्याने विचारलं.