कडक बटणाची तक्रार

मास्तरांनी टायपिंगचा क्लास बंद केला, पण टायपिंगचा ताठा सोडला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा. शिकणाऱ्यांच्या हातांवर फडकं टाकून त्यांना न बघता बटणं दाबायला लावण्यात मास्तरांचा जन्म गेला. त्यांची बायकोही त्याच फडक्याखाली शिकलेली. लग्नानंतरही तिने बटण जरा आपटलं, की आतून खाकरणं ऐकू यायचंच.

मग आजाराने त्यांची जीभ जड केली. डॉक्टरांनी बायकोला बाहेर बोलावून सांगितलं, की आधी बोलणं जाईल, नंतर हातांची ताकद. मधल्या काळात लिहून बोलता येईल असं काही घ्या, आणि लवकर घ्या.

तिने मनाशी हिशेब मांडला. सिनेमे बघायचे नाहीत की खेळ खेळायचे नाहीत, तेव्हा भारीतलं यंत्र नको. पलंगावर मांडीला जड होऊ नये, दवाखान्यात दिवसभर चार्जर शोधावा लागू नये, अक्षरं मोठी दिसावीत. छोटा लॅपटॉप हवा, बस्स. टॅबलेटचं नाव काढताच मास्तरांनी अडखळत सुनावलं, की काचेवर टायपिंग म्हणजे टेबलावर तबला.

पण पसंतीच होईना. स्थळं बघताना नाकं मुरडणाऱ्या सासूसारखे ते दुकानामागून दुकान पालथं घालत होते. एकाचं वजन फार, एकाची बटणं दाटीवाटीने बसवलेली, एकाचा पडदा आरशासारखा चमकणारा. इथवर ठीक होतं. पुढे मात्र प्रत्येक ठिकाणी एकच खोड निघू लागली: करंगळीखालचं बटण कडक आहे.

ती वैतागली होती. दिवस हातातून निसटत होते आणि हा माणूस बटणं तपासत बसला होता. एक दिवस अशाच एका दुकानात तीच खोड काढून मास्तर खुर्चीवरून उठले, तशी ती तिथेच बसली. हाताला हलका, बेताच्या किमतीचा तो लॅपटॉप तिला मनापासून आवडला होता. तिने सवयीने बोटं ठेवली आणि करंगळी टेकवली. बटण अलगद खाली गेलं. लोण्यात बोट जावं तसं.

म्हणजे ताकद त्यांच्या करंगळीतूनच गेली होती. तिने दुसऱ्यांदा दाबून पाहिलं नाही. दुकानदार तिच्या तोंडाकडे बघत होता. बिचाऱ्याला माल खपवायचा होता.

"कडकच आहे जरा," ती म्हणाली.

घरी पोचेपर्यंत ती स्वतःवरच चिडलेली होती. खोट्याने त्यांचा मान राखला खरा, पण त्यात आणखी एक दिवस वाया गेला होता. आता हात गेले, तर त्यांच्या मनातलं तिला कोण सांगणार होतं? चपला काढता काढता तिने धीर केला.

"अहो, बटण कडक नव्हतं."

मास्तर भिंतीला हात टेकून उभे राहिले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला, आणि ती मध्ये बोलली नाही.

"माहितीये," ते म्हणाले. "पहिल्याच दुकानात कळलं."

"मग इतके दिवस मला का फिरवलंत?"

"ते यंत्र घरात आलं, की तू वाचायला लागशील. ऐकायचं सोडशील."

तिने त्यांना पलंगावर बसवलं आणि शेजारी बसून त्यांचा हात चोळत राहिली. मग तिने शब्द दिला, की लॅपटॉप आला तरी आधी तुम्ही बोलायचं, मी ऐकणार, अगदीच नाही कळलं तरच वाचणार.

तोच हलका लॅपटॉप घरी आला. तिने शब्द पाळला. मास्तर काही सांगू लागले, की ती हातातलं काम टाकून समोर बसायची. एकेक वाक्य तीन-तीनदा म्हणायला लावायची, चुकीचं ऐकून शिव्या खायची. त्या शिव्या मात्र पहिल्या झटक्यात कळायच्या, आणि दोघं हसायची. लॅपटॉप बहुतेक वेळ बंदच असायचा.

एका सकाळी चहाचा कप ठेवून ती रोजच्यासारखी समोर बसली.

"हं, बोला."

मास्तरांनी तोंड उघडलं नाही. लॅपटॉप स्वतःच पुढे ओढला आणि एका बोटाने, बटणांकडे बघत, एकेक अक्षर दाबत लिहिलं, "साखर कमी आहे."

तिने वाचलं. साखर आणून घातली, ढवळली, कप त्यांच्या ओठांशी धरला. मग स्वयंपाकघरात जाऊन ती ओट्याला धरून खूप रडली.