न धुवायचा सदरा

तिला सगळे घार म्हणायचे. दहा हात लांबून उसवलेली शिवण दिसायची तिला. पण दोन आकडे शेजारी आले, की डोळ्यांदेखत जागा बदलायचे. शाळेत 'ढ' म्हणून मागच्या बाकावर टाकलं. पोरी, तुला नक्की दिसतं तरी काय, असं एकाही शहाण्याने विचारलं नाही.

नोकरीच्या जाहिराती मोठ्या गोड. 'बारीक नजर हवी.' ही जायची, तर समोर गणिताचा कागद! मणी निवडायला पावकी-निमकी कशाला लागते, असं विचारलं की दार दाखवायचे. अशी पाच दारं झाली. थोरली बहीण म्हणायची, "बयो, आकड्यांशिवाय जगात फक्त श्वास घेता येतो!"

सहावं दार लाँड्रीचं. म्हाताऱ्या मालकांनी, म्हणजे काकांनी, फाटका कोट पुढे केला. तासाभराने त्यांना भोक सापडेना. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. म्हणाले, "तू धागा बघ, आकडे मी बघतो." तेव्हापासून काका चिठ्ठी वाचून बोट दाखवायचे, ही त्या कप्प्यात कपडा ठेवायची. आठ वर्षं ती ताठ मानेने जगली.

मग काका अंथरुणाला खिळले. कारभार मुलीकडे आला. मुलगी वाईट नव्हती, घाईत होती.

"मावशी, चिठ्ठीवरचा नंबर बघायचा, कपडा त्या कप्प्यात टाकायचा. चाळीसच्या पुढचे कप्पे गिऱ्हाइकाला परत, सत्तरच्या पुढचे धुलाईला. काय अवघड आहे?"

'मला जमत नाही.' तीन शब्द. पण ती पाच दारं डोळ्यांपुढे उभी राहिली आणि घारीने मुकाट मान हलवली.

त्याच आठवड्यात एक बाई सदरा घेऊन आल्या. नवरा जाऊन महिना झाला होता.

"कोपरावर फाटलाय, तेवढं रफू करा. धुवू नका हं. त्यांचा वास आहे अजून."

घारीने सदऱ्याच्या आतल्या शिवणीतले धागे काढून दोन दिवस एकेक विणला. आपला घाम लागू नये म्हणून हात पुन्हापुन्हा पुसले. चिठ्ठीवर ४७ होतं. तिने तीनदा वाचलं. तिन्ही वेळा ७४. सदरा त्याच कप्प्यात गेला. मशीनवाला चिठ्ठी बघत नाही, कप्पा बघतो.

बाई न्यायला आल्या तेव्हा सदरा कडक इस्त्रीत होता.

मुलगी घारीच्या कानाशी लागली, "मशीनवाल्याची चूक म्हणू या. तुम्ही गप्प राहा."

"का गप्प राहू?" घार उसळली. "त्याच्या पोटावर पाय देऊ? चूक माझी आहे. मला आकडे वाचता येत नाहीत!"

इस्त्री करणाऱ्याचा हात थांबला.

बाईंनी सदरा नाकाशी धरला. मग कॉलर. मग एक बाही, दुसरी बाही. शेवटी कोपर उजेडात धरून बोटाने चाचपत राहिल्या.

"कुठे फाटलं होतं, तेही कळत नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांचं काहीच उरलं नाही यात."

मुलीने तोंड उघडायच्या आत घारीने सुयांची डबी पिशवीत टाकली.