नकोसरांचा भूगोल

आमच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या सरांना मुलं ‘नकोसर’ म्हणतात, आणि खरं सांगते, या मुलांनी आयुष्यात एक गोष्ट अचूक केली असेल तर ती ही. कुणीही पोरगं जाऊन म्हणालं, “सर, मी भूगोल घेऊ का?” की हा माणूस चष्मा कपाळावर सरकवणार, त्याच्याकडे नीट बघणार, चार प्रश्न विचारणार आणि शेवटी म्हणणार, “नको घेऊस.” अहो, दुकानदारानेच गिऱ्हाइकाला शेजारच्या दुकानात पाठवावं तसं हे!

मी गणिताची. शिवाय शाळेचं वेळापत्रकही माझ्याच गळ्यात पडलेलं, कारण मुख्याध्यापकांच्या मते गणितवाल्यांना चौकटी भरायला आवडतात. कुणी सांगितलं त्यांना, देव जाणे. त्यामुळे कुठल्या विषयाला किती मुलं आली हे सगळ्यात आधी मला कळतं, आणि त्याचा मनस्तापही आधी मलाच होतो.

आमच्याकडे शेवटच्या दोन वर्षांत प्रत्येक मुलाला सामाजिक शास्त्रांतले दोन विषय घ्यावेच लागतात. इतिहास सक्तीचा, त्यातून सुटका नाही. दुसरा आपापल्या मनाने निवडायचा: भूगोल, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र नाहीतर समाजशास्त्र. आणि निवडलेल्या विषयाला वीस मुलं जमली नाहीत तर तो विषय बंद. विषय बंद झाला की शिकवणाऱ्याची बदली संस्थेच्या दुसऱ्या शाळेत. ती शाळा पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जायचं.

आता कुणी म्हणेल, मग होऊ दे बदली, बिघडलं कुठे? बिघडलं कुठे ते मला विचारा, कारण नकोसर माझे शेजारी आहेत. शाळेच्या मागच्याच गल्लीत, एका जिन्यावर समोरासमोर आमची दारं. लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांचे थोरले भाऊ. या दादांना झटका आला तेव्हापासून त्यांची उजवी बाजू गेली. बोलतात. हळूहळू, पण भरपूर बोलतात. गिळायला मात्र फार त्रास. जरा घाई झाली की असा ठसका लागतो की बघणाऱ्याचा जीव वर-खाली व्हावा. म्हणून मधल्या सुट्टीची घंटा झाली की नकोसर घरी पळतात, दादांना उठवून बसवतात, चमच्याचमच्याने भरवतात, तोंड पुसतात आणि धापा टाकत परत वर्गावर येतात. भरवायला बाई ठेवून पाहिली. दादांनी एकीला ती घाई करते म्हणून घालवलं आणि दुसरीला ती गप्पच बसते म्हणून. दुसऱ्या शाळेतून मधल्या सुट्टीत घरी येणं या जन्मी शक्य नाही. म्हणजे भूगोलाचा वर्ग बंद झाला की दादांचं दुपारचं जेवणही बंद.

“मुख्याध्यापकांना सांगा ना हे सगळं,” मी किती वेळा म्हटलं.

“घरचं गाऱ्हाणं शाळेत कशाला न्यायचं?” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

यंदा विषय निवडायच्या दिवशी नेहमीसारखी सभागृहात टेबलं मांडली होती. प्रत्येक विषयाचं एक टेबल, मागे एक शिक्षक, आणि आईबापांना घेऊन फिरणारी मुलं. अर्थशास्त्राच्या सरांनी कोट चढवला होता आणि ते बँका, नोकऱ्या, पगार असं काहीबाही जोरजोरात सांगत होते. समाजशास्त्राच्या बाईंनी रंगीत चित्रं लावली होती, त्यांचा वर्ग दुपारच्या आतच भरला. नकोसरांच्या टेबलावर काय होतं? एक पृथ्वीचा गोल. तोही आसावरून निसटलेला, एका बाजूला कलंडलेला.

मी समोरच बसले होते, त्यामुळे सगळा तमाशा डोळ्यांदेखत झाला. एक बाई मुलाचा दंड धरून आल्या. “सर, भूगोलात मार्क चांगले पडतात ना? याला भूगोलच द्या.”

“तुला काय आवडतं रे?” सरांनी मुलालाच विचारलं.

मुलगा आईकडे बघायला लागला.

“आईकडे नको, माझ्याकडे बघ.”

“मला... भांडणं आवडतात सर. म्हणजे वादविवाद.”

“मग नागरिकशास्त्र घे. तिसरं टेबल.” आणि बाईंना म्हणाले, “भूगोलात मार्क पडत नाहीत, मिळवावे लागतात.”

गेलं गिऱ्हाईक! मी कपाळावर हात मारून घेतला. पाठोपाठ आलेल्या एका मुलीला बँकेत जायचं होतं, तिला कोटवाल्या सरांकडे धाडलं. दोन मित्र फक्त बरोबर बसायला मिळावं म्हणून भूगोल मागत होते, त्यांना “उद्या भांडलात की दोघंही माझ्या डोक्याला ताप,” म्हणून परत पाठवलं. मी उठून त्यांच्या टेबलापाशी गेले आणि दात-ओठ खात पुटपुटले, “अहो, स्वतःच्याच पायावर धोंडा का पाडून घेताय? हो म्हणायला काय पैसे पडतात?”

“त्यांची दोन वर्षं जातात मॅडम,” ते म्हणाले आणि कलंडलेला गोल सरळ करायला लागले.

संध्याकाळी मोजलं तर भूगोलाला चौदा मुलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला स्वतःची काळजी नाही तर नाही, त्या पलंगावरच्या माणसाची तरी असावी की नाही? म्हटलं, तुम्ही नाही ना हातपाय हलवत, मग बघा मी काय करते.

वेळापत्रक माझ्या हातात होतं. अर्थशास्त्राचा तास मी संगणकाच्या तासावर टाकला. एका वेळी दोन वर्गांत बसणं काही माणसाला जमत नाही, आणि संगणक सोडायला कुठलंही पोरगं तयार होत नाही. मग त्यांना सामाजिक शास्त्रांतलं दुसरं काहीतरी घेणं भाग होतं. समाजशास्त्र भरलेलंच होतं. नागरिकशास्त्र शेवटच्या तासाला ढकललं, म्हणजे तिकडे कुणी फिरकायला नको. उरलं काय? भूगोल! आठवड्याभरात चौदाची पंचवीस मुलं झाली. कोटवाल्या सरांची थोडी मुलं गेली, पण त्यांच्याकडे एवढी गर्दी होती की त्यांना पत्ताही लागला नाही. मला लाज वाटली का? मुळीच नाही. त्या रात्री मला छान झोप लागली.

पण सुखाने राहतील तर ते नकोसर कसले! वर्ग सुरू झाला त्याच दिवशी त्यांनी एकेका मुलाला उभं करून विचारलं, “तू भूगोल का घेतलास?” माझा वर्ग शेजारीच आणि मधली भिंत नावाला. मला सगळं ऐकू येत होतं. एक म्हणाला, “संगणक आड आला सर.” दुसरा म्हणाला, “संगणक सर.” तिसरी म्हणाली तेच. मी फळ्यावर लिहिता लिहिता मोठमोठ्याने शिकवायला लागले, पण काय उपयोग?

मधल्या सुट्टीत ते घरी पळण्याआधी शिक्षकांच्या खोलीत आले. “मॅडम, हे तुम्ही केलंत.”

“काय केलं?” मी डबा उघडत म्हटलं.

“तिसऱ्या बाकावर एक मुलगी आहे. तिला कॉमर्सला जायचंय. तिथे अर्थशास्त्राशिवाय प्रवेश देत नाहीत. वडिलांना वाटतंय, विषय बदलला म्हणजे शाळेनेच काहीतरी विचार केला असेल. पोरगी रडत होती हो.”

“मग सोडू दे तिने संगणक.”

“का सोडावा? आधी दोन्ही बसत होते. तुम्ही वेळापत्रक बदला.”

मग माझाही तोल गेला. “नाही बदलत जा! आणि दादांना कोण भरवणार? ती तिसऱ्या बाकावरची मुलगी येणार आहे का चमचा घेऊन? तुमच्यासाठी मी एवढी उठाठेव केली आणि वर मलाच शहाणपण शिकवताय?”

आवाज चढवतील तर शपथ. “दादा माझा आहे,” ते म्हणाले. “त्या मुलांचा नाही.” आणि दादांच्या जेवणाला उशीर होतोय म्हणून धावत निघून गेले.

सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्यांनी माझं नाव कुणाला सांगितलं नाही. वर्गात एवढंच म्हणाले की ज्यांना अर्थशास्त्र हवं होतं त्यांनी पालकांना घेऊन यावं. पालक आले. मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं, हा काय घोळ? मी म्हटलं, चुकून झालं. नकोसर तिथेच उभे होते, ते भिंतीकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मी तास होते तिथे परत नेऊन ठेवले, आणि आलेली मुलं आली तशी निघून गेली. ती तिसऱ्या बाकावरची मुलगी जाताना सरांच्या पाया पडायला वाकली, तर म्हणाले, “पळ, तास सुरू झाला असेल.” भूगोलाला पुन्हा चौदा मुलं. चौदांना भूगोल खरंच हवा होता, त्यांचं कुणाला काय! त्यांना बाकीच्या विषयांत वाटून टाकलं आणि नकोसरांच्या हातात बदली पडली.

पहिल्या सोमवारी ते पहाटेच बाहेर पडले. जाताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मीच मागितली होती, भांडून मागितली होती. मधल्या सुट्टीनंतरचा माझा तास मी रिकामा करून घेतला होता. एवढं तरी त्या वेळापत्रकातून मला मिळायला नको?

दादा उशीला टेकून बसले होते. मी कुस्करलेला बटाटा आणि मऊ भात घेऊन पलंगापाशी बसले. पहिला चमचा त्यांनी घेतला, सावकाश गिळला आणि मग तोंड सुरू झालं.

“त्याची... बदली झाली म्हणे. भूगोल... बंद.”

“झाली. स्वतःच्या हाताने करून घेतली तुमच्या भावाने. एवढी मुलं मिळवून दिली होती मी! एकेकाला विचारत बसला, तुला खरंच हवाय का म्हणून. असं कुणी विचारतं का?”

दादा हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले. “त्याला कुठे... हवा होता.”

“काय?”

“भूगोल. त्याला इतिहास... शिकवायचा होता. वेड होतं. मी म्हटलं, इतिहासवाले... ढीगभर आहेत, नोकरी मिळायची नाही. भूगोल घे. तो म्हणाला, नको दादा.” त्यांनी दम घेतला. “मी त्याच्या... एक वाजवली. मग घेतला.”

एवढी वर्षं समोरासमोर राहते, एका शाळेत शिकवते, आणि या माणसाने कधी एक शब्द काढला नाही.

“तुम्हाला कधी बोलले नाहीत ते? नंतर?”

“कधीच नाही.” दादांनी मान हलवली. आता ते हसत नव्हते. त्यांचा डावा हात पांघरुणावरून इकडेतिकडे फिरत होता. “रोज भरवायचा. मला वाटायचं... आज बोलेल. नाहीच बोलला.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पाण्याबरोबर ठसका येतो हे मला ठाऊक होतं. एवढा राग आला मला त्यांचा, त्यांच्या भावाचा, सगळ्यांचाच, की ओरडावंसं वाटलं.

“आता रडू नका,” मी म्हटलं. “आधी गिळा. मग तोंड उघडा.”